पाच नलांमधला माणूस कोणता? अद्भुत कथा, विज्ञानकथा आणि आपण

पानगळ

गेले काही दिवस एक प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय.

महाभारताच्या वनपर्वातलं नलोपाख्यान पुन्हा वाचत होते. दमयंतीचं स्वयंवर आहे, तिने मनाने नलाला वरलंय. वरमाला घेऊन ती येते आणि बघते तर समोर पाच नल. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम, चौघांनीही नलाचंच रूप घेतलंय. नाक, डोळे, बांधा, सगळं हुबेहूब. आता खरा कोणता?

पुढे तिला तो ओळखू येतो, पण कशावरून ते बघा. चौघांना घाम नाही. पापणी लवत नाही. माळा टवटवीत, अंगावर धुळीचा कण नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याची मात्र सावली पडलीये. माळ कोमेजलीये. अंगाला धूळ आणि घाम आहे, पापण्या लवतायत, पाय जमिनीवर आहेत. दमयंती त्याच्या गळ्यात वरमाला घालते.

लहानपणी हे ऐकलं तेव्हा मला ते कोड्याचं हुशार उत्तर वाटलं होतं. या वेळी तिथून पुढे वाचताच येईना. देव आणि माणूस शेजारी शेजारी बसवल्यावर माणसाची खूण म्हणून काय सांगितलं? बुद्धी नाही, शौर्य नाही, सौंदर्य तर नाहीच (ते चौघांनी सहज उचललं होतं). घाम. धूळ. सुकत चाललेली फुलं. चारचौघांत जाताना आपण जे पुसून आणि झाकून जातो तेच. आणि ते दिसल्यावर दमयंतीचं मन फिरत नाही. कधीही न कोमेजणारे चार जण समोर असताना ती कोमेजणाऱ्याला निवडते.

नेहमीच्या सामाजिक कथेत सगळ्यांचीच सावली पडते, त्यामुळे तिच्याकडे कोणाचं लक्ष जायचं काही कारण नसतं. शेजारी देव आणून बसवा, यंत्र आणा, परग्रहावरून कोणाला बोलवा, की ती लगेच डोळ्यांत भरते. अद्भुत कथा आणि विज्ञानकथा मला याचसाठी जवळच्या वाटतात.

तुम्हाला अशी सावली कुठल्या गोष्टीत दिसली? नुसती नावांची यादी नको. नेमकं काय दिसलं ते लिहा.

दुसरी_बाजू

प्रसंग सुंदर उलगडलाय. निष्कर्षाशी मात्र सहमत नाही.

माणूस समजून घ्यायचा तर माणसाचीच गोष्ट वाचावी, त्यासाठी देव आणि यंत्रमानव कशाला लागतात? एखादी बाई नवरा गेल्यावर त्याची कपाटातली जागा तशीच ठेवते, एवढ्या एका तपशिलात चांगला लेखक माणूसपण उभं करतो. मी विज्ञानकथा म्हणून जे वाचलं त्यात निम्मी पानं यानाच्या वर्णनाला आणि उरलेली लढायांना गेलेली होती. पात्रांना नावं होती, स्वभाव नव्हते. अद्भुत कथांमध्ये तर संकट आलं की तलवार चमकते आणि प्रश्न सुटतो. तिथे माणूस दिसण्याऐवजी माणसाच्या इच्छा दिसतात, आणि त्याही बाळबोध.

मेघमल्हार

अश्वत्थामा. फक्त एकच सांगते. मृत्यू टळणं हे वरदान मानणाऱ्या परंपरेत कृष्ण त्याला जो शाप देतो तो मरणाचा नाही, तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याचा आहे. आणि त्यात एक कलम असं की कोणाशी बोलणंही होणार नाही. कपाळावरच्या जखमेपेक्षा मला ते जास्त भयंकर वाटत आलंय.

अणुरेणू

दुसरी_बाजू, तुम्ही म्हणता तशा कथा ढिगाने आहेत, मान्य. पण वाईट उदाहरणांवरून प्रकाराचं मोजमाप करू नये. तुमच्या कपाटाच्या उदाहरणाला जोडूनच बोलतो.

आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार वेग आणि गुरुत्व यांमुळे काळाची गती बदलते, आणि हे आता कल्पनेतलं राहिलेलं नाही. १९७१ साली अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली गेली आणि जमिनीवरच्या घड्याळांशी त्यांचा मेळ बसला नाही. फरक सेकंदाच्या अब्जांश भागांतला होता, पण होता, आणि सिद्धांताने सांगितलेल्या आकड्यांशी जुळणारा होता. तुमच्या फोनला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंदांनी पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर रस्ता चुकेल. तिथे उंचीवर गुरुत्व कमी म्हणून घड्याळं पुढे जातात, वेगाने मात्र काळ हळू चालतो. आता हा वेगाचा परिणाम ताणा. प्रकाशाच्या ८६.६ टक्के वेगाने एक बाप प्रवासाला गेला. त्याची १० वर्षं झाली तेव्हा इथे २० झाली. पस्तिशीत गेलेला माणूस पंचेचाळिशीचा होऊन परततो. पाच वर्षांची सोडलेली मुलगी पंचवीस वर्षांची झालेली असते. अजून थोडा वेग वाढवला तर ती त्याच्यापेक्षा म्हातारी.

इथवर गणित आहे. गोष्ट इथून पुढे सुरू होते. बाप आणि मुलीच्या वयातलं अंतर हे आपण भिंतीसारखं धरून चालतो, इतकं की त्यावर नातं उभं आहे हेही लक्षात येत नाही. ते अंतर काढून घेतलं की बाप कशामुळे बाप राहतो? तिला रागवायचा अधिकार त्याला उरतो का? ती त्याला अहो म्हणेल की अरे? तुमची कपाट जपणारी बाई हा प्रश्न मला विचारू शकत नाही, कारण तिच्या जगात सगळ्यांचं वय एकाच वेगाने वाढतं.

आणि ही कल्पना आइन्स्टाइननंतर सुचलेली नाही. भागवतात ककुद्मी राजाची गोष्ट आहे. मुलीसाठी, रेवतीसाठी, वर कोणता पाहावा हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो. तिथे गंधर्वांचं गाणं चाललेलं असतं. मध्येच कसं बोलायचं म्हणून तो थांबतो. गाणं संपल्यावर मनातल्या वरांची नावं सांगतो, तर ब्रह्मदेव हसून म्हणतो, अरे, तेवढ्यात २७ चतुर्युगं गेली. तुझ्या मनातले ते सगळे, त्यांची मुलं, नातवंडं, पणतवंडं, कोणीही उरलेलं नाही. मग तो परत येतो आणि रेवतीचं लग्न बलरामाशी लावतो.

मला यात राजाचं थांबणं फार लागतं. त्याने काहीही चूक केली नाही. एक गाणं ऐकलं. आपणही कामाच्या खुर्चीवरून उठतो तेव्हा घरातलं कोणीतरी मोठं झालेलं असतं.

पानगळ

अणुरेणू, ककुद्मी माहीत होता पण असा कधी वाचला नव्हता. शेवटच्या वाक्यानंतर मी थोडा वेळ स्क्रीन बंद करून बसले.

शाईचा_डाग

रोबॉट या शब्दापासून सुरुवात करतो, कारण त्या शब्दातच माणूस आहे.

हा शब्द जगाला मिळाला कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून. चापेकला तो सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठ, सक्तीची मजुरी. पत्रे, दिवे, घरघर यांचा त्याच्याशी काहीच संबंध नाही. त्या नाटकातले रोबॉट धातूचे नाहीतच. ते कृत्रिम पण सजीव द्रव्यापासून घडवलेले आहेत आणि दिसतात माणसांसारखे. त्यांच्यातून काय वगळलंय, तर कामाला लागत नाही ते सगळं. म्हणजे कारखानदाराने आधी ठरवलं की मजुरामधला अनावश्यक भाग कुठला, आणि मग तेवढा भाग नसलेला मजूर बनवला. शंभर वर्षांपूर्वीची ही मांडणी वाचून अंगावर काटा येतो, कारण तो हिशेब माणसांबाबत आधीच सुरू होता.

नाटकाच्या शेवटी माणूस जवळपास संपलाय. उरलेला एकमेव माणूस दोन रोबॉटांना सांगतो की तुमच्यापैकी एकाला मी चिरून तपासणार. मुलीला नेतो म्हटल्यावर मुलगा आडवा येतो, मला न्या. मुलाला नेतो म्हटल्यावर मुलगी तेच म्हणते. तो म्हातारा दोघांनाही सोडून देतो. त्याला जे तपासायचं होतं ते त्याला दिसलं. पानगळ, तुमच्या यादीतली घाम, धूळ, सावली यांच्याशेजारी मी ही खूण ठेवीन. 'त्याच्याऐवजी मला न्या' म्हणता येणं.

दुसरं पुस्तक म्हणजे मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन', १८१८ चं. लिहायला घेतलं तेव्हा ती १८ वर्षांची होती. लोक फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव समजतात. ते त्याला घडवणाऱ्याचं आहे. घडवलेल्याला नावच ठेवलेलं नाही. मला वाटतं त्या कादंबरीतली पहिली क्रूरता हीच. नाव ठेवायला जवळ थांबावं लागतं, आणि तो डोळे उघडताच हा पळून गेला.

तो बेवारस जीव मग एका झोपडीला लागून असलेल्या आडोशाला राहतो आणि भिंतीच्या फटीतून पलीकडच्या कुटुंबाकडे बघत भाषा शिकतो. महिनोन्‌महिने. त्यांच्यासाठी रात्री गुपचूप सरपण आणून ठेवतो. एक दिवस धीर करून तो घरात शिरतो, तेव्हा आंधळे आजोबा एकटेच असतात. ते त्याच्याशी नीट, मायेने बोलतात. एवढ्यात घरातली मंडळी परत येतात. मुलगा त्याला काठीने मारून हाकलतो. आजोबांशी बोलणारा आणि मार खाणारा एकच होता, मधल्या दोन मिनिटांत त्याच्यात काही बदललं नव्हतं. वाचताना मी इतका वेळ विचार करत होतो की हा माणूस आहे की नाही. त्या पानावर प्रश्न उलटून माझ्याकडे आला.

वाटसरू१२

मी एरवी फक्त वाचून जातो. आज लिहावंसं वाटलं.

वेताळपंचविशीतली डोकी बदललेली गोष्ट अनेकांना आठवत असेल. नवरा आणि भाऊ, दोघेही देवीपुढे आपापलं शिर उतरवतात. ती बाई जीव द्यायला निघते तेव्हा देवी सांगते, डोकी धडांना लाव, दोघे उठतील. घाईत तिच्याकडून अदलाबदल होते. नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर, भावाचं नवऱ्याच्या. वेताळ विचारतो, आता तिचा नवरा कोणता? विक्रम म्हणतो, ज्याला नवऱ्याचं डोकं आहे तो, कारण सगळ्या अवयवांत डोकं श्रेष्ठ.

अकरा वर्षांपूर्वी मला ताईचं मूत्रपिंड बसवलं. अनेकांना वाटतं जुनं काढून तिथे नवीन ठेवतात. बहुतेक वेळा तसं करत नाहीत. जुनी दोन्ही आपापल्या जागी राहतात आणि नवीन खाली, ओटीपोटाच्या एका बाजूला बसवतात. ते कातडीच्या इतकं जवळ असतं की तिथे तळवा ठेवला की हाताला लागतं. मी रोज रात्री झोपताना हात ठेवतो. सवय झाली आहे.

सकाळी आठ आणि रात्री आठ, फोनचा गजर वाजतो आणि मी गोळ्या घेतो. त्या मूत्रपिंडासाठी नसतात. माझ्या स्वतःच्या शरीराला आवरण्यासाठी असतात, कारण ते अजूनही त्याला परकं समजतं. माझं डोकं अकरा वर्षं सांगतंय की हे आपलंच आहे, ताईचं आहे. शरीर ऐकत नाही. गोळ्या बंद केल्या तर ते त्याच्यावर धावून जाईल. म्हणजे विक्रमाचं उत्तर माझ्यापुरतं तरी पुरं पडलेलं नाही. कोण आपलं आणि कोण परकं हे ठरवणारी एक जागा डोक्याच्या ताब्यात नाहीच.

यशस्वी ठरलेलं पहिलं मूत्रपिंडरोपण १९५४ मध्ये झालं आणि ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये झालं. तिथे शरीराला फरकच कळला नाही. दमयंतीसारखंच, समोर दोन नल. माझ्या बाबतीत मात्र फरक कळतो, रोज कळतो, आणि तरीही आम्ही दोघं एकत्र राहतोय.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी मला सगळं नीट समजावलं होतं. आकडे, धोके, टक्केवारी. पण मला नंतर जे वाटत होतं त्याला शब्द त्या माहितीत नव्हते. ते मला वेताळाच्या गोष्टीत मिळाले. कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारून ठेवला होता, तेव्हा असं काही शक्य होईल हे स्वप्नातही नसताना.

मेघमल्हार

वाटसरू, लिहिलंत हे फार बरं केलंत. ताईंना नमस्कार सांगा.

दुसरी_बाजू

वाटसरू१२ यांच्या प्रतिसादानंतर मी माझं म्हणणं थोडं बदलतोय. अद्भुत गोष्ट म्हणजे पळवाट, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. इथे एका माणसाला ती थेट त्याच्या शरीरापाशी घेऊन आली आहे. यावर मी काही म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही. वास्तववादी कथेवरचा माझा जीव तसाच आहे, पण दोन्हींत भांडण लावायची गरज नव्हती.

मूळ लेखात मात्र एक दुरुस्ती सुचवतो. काल नलोपाख्यान काढून वाचलं. दमयंतीने खुणा हेरून नलाला ओळखलं, असं घडत नाही. देवांची लक्षणं तिने वृद्धांकडून ऐकलेली असतात, ती शोधतेही, पण जमिनीवर उभ्या असलेल्या त्या पाचांपैकी एकातही ती सापडत नाहीत. देवांनी सोंग पुरेपूर वठवलंय. शेवटी ती हात जोडते आणि देवांनाच शरण जाते. मी नलाला मनाने वरलंय हे जर सत्य असेल, तर त्या सत्यासाठी तुम्हीच मला तो दाखवा, तुमची रूपं प्रकट करा. तिचा तो निश्चय बघून देव द्रवतात आणि आपली लक्षणं दाखवतात. सावली आणि घाम त्यानंतर दिसतात.

म्हणजे नुसत्या तपासणीने माणूस ओळखणं तिलाही जमलं नव्हतं.

खिडकीपाशी

ही दुरुस्ती महत्त्वाची आहे, आणि आजच्या काळाशी तिचा थेट संबंध आहे.

१९५० साली ॲलन ट्युरिंगने प्रस्ताव मांडला की यंत्र विचार करतं का हे विचारण्यापेक्षा, लेखी संभाषणात ते माणूस म्हणून खपतं का हे बघावं. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉमने एलायझा नावाचा संवादाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. अगदी साधा. तुम्ही लिहिलेलं वाक्य थोडं फिरवून तो प्रश्न म्हणून परत विचारायचा. त्याला कळत काहीच नव्हतं. वायझेनबॉमच्या सेक्रेटरीने तो कित्येक महिने बनताना पाहिला होता, आत काय आहे हे तिला माहीत होतं. तरी त्याच्याशी दोनचार वाक्यं बोलल्यावर तिने वायझेनबॉमला सांगितलं की तुम्ही जरा बाहेर जाता का.

या प्रसंगावरून तिला भाबडी ठरवणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. तिने दार लोटून घेतलं, कारण मनातलं बोलायचं असेल तर एकांत लागतो, आणि कोणीतरी शांतपणे पुढचा प्रश्न विचारणारं लागतं. त्या खोलीत माणूसपण कुठे होतं हे स्पष्ट आहे. सगळंच्या सगळं तिच्या बाजूला होतं. शाईचा_डाग यांनी लिहिलेल्या आंधळ्या आजोबांची मला इथे आठवण झाली.

आता तर यंत्रं पानंच्या पानं लिहितात, आणि त्यावर घामाचा डाग शोधून सापडत नाही. देव निदान विनवणीला पाघळले होते.

पानगळ

दुसरी_बाजू, दुरुस्ती मान्य, आणि मनापासून आभार. मी आठवणीतल्या गोष्टीवर विसंबले होते. पुन्हा तो भाग वाचला. तुम्ही म्हणता तसंच आहे.

त्यामुळे माझं म्हणणं सरकलंय हे कबूल करते. खुणा सांगणारी यादी बनवली की ती कधीतरी कोणीतरी पूर्ण करणारच. आधी म्हणायचो, माणूस बुद्धिबळ खेळतो. मग म्हणायचो, कविता करतो. प्रत्येक वेळी हद्द मागे घ्यावी लागली. पण या धाग्यावर ज्या गोष्टी आल्या त्यांत कोणीच यादी पूर्ण केल्यामुळे माणूस ठरलेलं नाही. 'त्याच्याऐवजी मला न्या' म्हणणारी मुलगी, मायेने बोलणारे आजोबा, ताईचं मूत्रपिंड. सगळीकडे दुसरं कोणीतरी आहे. अश्वत्थाम्यापासून नेमकं तेच काढून घेतलं. मेघमल्हारने एका ओळीत सांगितलेलं मला आत्ता कळतंय.

फळा_आणि_खडू

उशिरा आले, पण एक सांगायचंय. मी तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते.

मागे एकदा वर्गात म्हटलं होतं, परग्रहावरून एक पाहुणा आलाय, त्याला रडणं म्हणजे काय ते माहीत नाही, त्याला पत्र लिहून समजावा. एरवी 'माझा आवडता प्राणी' यावर पाच ओळी कशाबशा लिहिणारी मुलं त्या दिवशी पाठपोट लिहीत बसली. एकाने लिहिलं, 'लागलेलं दुसरीकडेच असतं, पण पाणी डोळ्यांतून येतं.' मी ती वही अजून जपून ठेवली आहे. पाहुण्याशिवाय हे वाक्य आलं नसतं, कारण एरवी रडणं समजावून सांगायची वेळच येत नाही.

हा धागा वाचून परवा वर्गात दमयंतीची गोष्ट सांगितली, आणि पाच नल बसल्यावर थांबले. विचारलं, तुम्ही कसं ओळखाल? खूप उत्तरं आली. गुपित विचारू, चिमटा काढू, रात्रभर जागं ठेवून कोण पेंगतं ते बघू. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मी मुद्दाम पडेन. जो धावत येईल तो नल."

पुढच्या मुलाने लगेच हरकत घेतली, "देवपण येतील ना धावत. देव चांगले असतात."

ती म्हणाली, "येतील. पण ते वेळेवर पोचतील. नल येताना धडपडेल."